बेसनाची सोसन

शिलानने तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेली सोसन दारात आणून ठेवली, तेव्हा बेसना खिडकीशी अंथरुणात पडून होती, आणि क्षणभर तिला वाटलं की आपण मेलो.

वाटणारच. आमच्या डोंगरात सोसन, ते काळं रानफूल, मुळासकट खाली येते ती एकाच कामासाठी. बाई गेली की सातव्या दिवशी तिची लेक सरीबार डोंगराच्या खांद्यावर चढते, हातांनी माती उकरून एक सोसन काढते आणि आईच्या कबरीवर डोक्याशी लावते. लोखंड लावायचं नाही, पाणी घालायचं नाही. बाई हिवाळ्यात गेली तर बर्फ वितळेपर्यंत थांबायचं. मुलगे खड्डा खणतात, खांदा देतात, मुल्लाला जेवू घालतात. सोसन मात्र लेकीनेच आणायची. का, ते आमच्या आयांनी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नुसती फुलं तोडायला कोणाची ना नसते. पोरं वसंतात मुठी भरभरून आणतात आणि दुपारपर्यंत ती अंगणात सुकून जातात, कारण बकऱ्यासुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत. पण मातीसकट, पातीसकट, मुळासकट सोसन जिवंत माणसाच्या दारात? बेरकेव गावात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं.

शिलान हेवलेरची, सपाटीवरच्या शहरातली. बापाचं शिंप्याचं दुकान, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि फूल म्हणजे फूल. बेसनाच्या धाकट्या मुलाशी, सरबस्तशी, लग्न होऊन ती गेल्या उन्हाळ्यात इथे आली. सरबस्त दहोकला बांधकामावर क्रेन चालवतो, गुरुवारी संध्याकाळी येतो, शनिवारी पहाटे जातो. मधले सगळे दिवस घरात या दोघीच, सासू आणि सून. आणि सासूने तोंडाला कुलूप घातलेलं. बेसना तिच्याशी वाईट वागत नव्हती. ती बोलतच नव्हती. सूप आणलं तर प्यायची, औषध आणलं तर घ्यायची, बस्स.

त्याचं कारण सुनेत नव्हतंच. बेसनाला तीन मुलगे. थोरले दोघं जर्मनीत, तिसरा हा क्रेनवाला. लेक एकही नाही. तरुणपणी तिला याचं फार काही वाटलं नाही. मुलगे झाले म्हणून सासूने बकरा कापला, गावाने कौतुक केलं, ती मिरवली. पण केस पांढरे झाले तसं एक भलतंच मनात घर करून बसलं: आपली सोसन कोण आणणार? आणि त्यात शेजारी एदूल, तिची धाकटी जाऊ. एदूलला चार लेकी. गेल्या पानगळीत कोणाच्याशा सातव्याहून परतताना, सगळ्या बायकांच्या देखत एदूल म्हणाली होती की माझ्या डोक्याशी चार लागतील चार, बागच होईल. तुमची काळजी नको जाऊबाई, माझ्यातली एखादी आणेल तुमच्यासाठीही. बायका हसल्या. बेसनाही हसली. पण तो काटा आत गेला तो गेलाच. उसनी साखर आणतात, उसनी चाळण आणतात. उसनी सोसन?

हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला. ताप डोक्यात गेला, शहरातल्या इस्पितळात नेलं, बरी होऊन परत आली. डॉक्टरने सांगितलं, आजीबाई, फुफ्फुसं साफ आहेत, आता उठा, चाला. बेसना उठली नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि ठरवून टाकलं की आता पुरे. डोक्याशी नुसता दगड तर नुसता दगड. हे तिने कोणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या कोणाला? मुलग्यांना सांगावं तर ते म्हणणार, आई, आम्ही पैसे पाठवतो, संगमरवर बसव.

तर अशा घराच्या दारात ही सून डबा ठेवून उभी. रुमाल मानेवर घसरलेला, गालावर मातीचा पट्टा, तोंड भरून हसू. म्हणाली की आई, बघा, वाटेत एकही पाकळी पडू दिली नाही.

आणि नेमकी तेव्हाच एदूल दह्याचा वाडगा घेऊन फाटकातून आत आली.

एदूलने डबा पाहिला, वाडगा कट्ट्यावर ठेवला आणि छातीवर हात मारून घेतला. मग जे तोंड सुटलं ते सुटलं. पोरीला काय माहीत, काय नाही, याचा विचार कोण करतो. "अगं ए शहाणे, जिवंत माणसाच्या दारात कबर लावलीस की," ती म्हणाली, आणि एका दमात सातवा दिवस, लेक, डोक्याचा दगड, सगळं तिच्या पदरात ओतलं. शिलानचं हसू उतरलं. ती आधी एदूलकडे, मग डब्याकडे, मग खिडकीकडे बघायला लागली. चेहरा पार पांढराफटक.

बेसनाला तिची दया यायला हवी होती. आली नाही. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम वर आलं.

"घाई झालीय का गं तुला?" ती खिडकीतून म्हणाली.

पूर्ण हिवाळ्यात सुनेशी ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. बोलून झाल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं, पण शब्द परत गिळता थोडेच येतात.

शिलान दाराच्या उंबऱ्यावर खाली बसली. एदूलने बाही वर केली, डबा उचलला, म्हणाली की ओढ्यात टाकून येते, वर तीन वेळा थुंकलं की अपशकुन उतरेल. तशी शिलान उठली आणि तिने डबा दोन्ही हातांनी धरला. दोघींची ओढाओढ. दह्याचा वाडगा मधल्यामध्ये लवंडता लवंडता राहिला.

"टाकू नका, काकू. आईंनी मागितलीय ती."

"मी?" बेसना म्हणाली. "मी कधी मागितली?"

"तापात," शिलान म्हणाली. "सारखं विचारत होतात, माझी सोसन कोण आणणार, माझी सोसन कोण आणणार. इंजेक्शन देऊनही थांबेनात. मग मी म्हटलं, मी आणते. तुम्ही विचारलंत, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा कुठे झोपलात."

एदूलने डबा सोडला. एदूलसारखी बाई गप्प बसली यावरून काय ते समजा.

शिलान पुढे सांगत राहिली, कारण आता थांबली असती तर रडली असती. तिला वाटलं होतं, सासूला फुलाची हौस आहे. बर्फात फूल कुठून आणायचं? म्हणून ती थांबली. वसंतातल्या नवरोजच्या सणाचा जाळ झाल्यावर तिने एका मेंढपाळाला विचारलं, सोसन कुठे फुलते. त्याने सरीबारचा खांदा दाखवला आणि हसला, का हसला ते तिला कळलं नाही. आज सकाळी भाकऱ्या करून ती एकटी निघाली. दोनदा वाट चुकली. वरच्या घसरड्या खडीवर गुडघे फुटले. तोडलेलं फूल घरी येईपर्यंत मान टाकणार, म्हणून मुळासकट काढली, की आईंना चार दिवस तरी बघता येईल.

बेसना कोपरावर भार देऊन उठून बसली. मग म्हणाली, "एदूल, दही ठेव आणि घरी जा."

एदूल गेली. जाताना फाटक लावून घ्यायचंही तिला भान राहिलं नाही.

बेसनाने सुनेला आत बोलावलं. डबा घेऊन ये म्हणाली. हात दाखव म्हणाली. शिलानने हात पुढे केले. नखं तुटलेली, बोटांच्या टोकांना रक्त वाळलेलं. बेसनाने विचारलं की खुरपं नेलं नव्हतंस का? शिलान म्हणाली, आठवलंच नाही, मग हातांनीच उकरली. म्हणजे लेकीने काढावी तशीच सोसन निघाली होती, आणि हे त्या पोरीला ठाऊकही नव्हतं. बेसनाने ते हात धरून ठेवले. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ठरवलेलं काय होतं त्या दिवशी.

मग तिने फूल पाहिलं. आयुष्यभर पाहिलेलंच, पण असं नव्हे. पाकळ्या काळ्याच म्हणायच्या, उजेड मागून आला की वांग्याच्या सालीचा रंग आत दिसे. वरच्या तीन उभ्या, खालच्या तीन वळलेल्या, त्यांच्यावर बारीक शिरांचं जाळं. गळ्याशी मखमली काळा डाग. स्वतःच्या आईसाठी तिने सोसन आणली होती तेव्हा डोळ्यांत इतकं पाणी होतं की रंग कोणता तेही आठवत नव्हतं. आणि ज्यांच्यासाठी आणतात त्या तर मातीखाली. आपल्या नावाची सोसन आजवर एकाही बाईने पाहिली नव्हती. बेसनाच्या मनात आलं, देवाने मला लेक दिली नाही, पण हे दिलं. आणि हे काही थोडं नाही.

त्या दिवसापासून डबा तिच्या उशाशी. गावात बोभाटा झालाच. बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या, चहा प्यायच्या आणि डब्याकडे चोरून बघायच्या. कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं शहरातली माणसं ही अशीच. बेसना प्रत्येकीला सांगायची की माझी आहे, माझ्या सुनेने आणलीय, आणि वर साखरेचा खडा पुढे करायची. गुरुवारी सरबस्त आला, त्याच्या कानावर वाटेतच गेलं होतं, तो बायकोवर तोंड टाकायला लागला. आईने त्याला असा झापला की तो क्रेन चालवणारा बाप्या जेवणाआधीच अंगणात जाऊन उभा राहिला. आत शिलान ओढणी तोंडाशी धरून हसत होती. इतक्या महिन्यांत त्या घरात दोघी एकत्र हसल्या त्या तेव्हा पहिल्यांदा.

पण सोसन काही बरी दिसेना. पहिलं फूल मिटलं ते ठीक, ते मिटायचंच. शेजारच्या देठावर कळी होती, ती फुगेना. पातीची टोकं पिवळी पडली. बेसनाने बोट मातीत घातलं तर माती ओली आणि आंबूस वास.

"पाणी घालतेस?"

"रोज. दोन वेळा," शिलान म्हणाली. "तुमची आहे म्हणून जास्तच काळजी घेते."

बेसना कपाळाला हात लावून हसली. जिने आयुष्यात उन्हाळाभर एक थेंब मागितला नाही, जिला खडी लागते, वारा लागतो आणि पायाशी कोरडं लागतं, तिला ही पोर बाळासारखी न्हाऊमाखू घालत होती. पण हसू लवकरच मावळलं. गड्डा दाबून पाहिला, आल्याच्या कांड्यासारखा तो टणक असायला हवा, तर एका बाजूला मऊ लागला. असंच राहिलं तर आठवड्याभरात संपणार. आणि बेसनाला ते सहन होणार नव्हतं. अपशकुनाचं तिला काही नव्हतं. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरले, ती मिळाली, आणि तुपाच्या डब्यात कुजून गेली, हे कसं चालेल?

वर न्यायला हवी, ती म्हणाली. सरबस्त म्हणाला, दे इकडे, गाडीने खिंडीपर्यंत जातो आणि लावून येतो. आई म्हणाली, सोसनला पुरुषाचा हात लागत नाही. मग शिलान जाईल? शिलान जाईल. आणि मीही जाणार, आई म्हणाली.

ही बाई इस्पितळातून आल्यापासून अंगणाच्या पलीकडे गेली नव्हती.

सकाळी ती उठली, पायात बूट घातले, काठी घेतली आणि स्वतःच्या पायांनी एदूलच्या दारात जाऊन उभी राहिली. सरीबार चढायला एदूलचं खेचर हवं होतं. एदूल पनीर दाबत बसली होती. मरायला टेकलेली बाई खेचर मागायला येते, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडतंय, असं काहीतरी ती पुटपुटली. मग हात पुसले आणि वर न बघता बोलली.

"जाऊबाई, माझ्या चार आहेत. सगळं गाव मोजतं. पण मी आजारी असताना माझ्यापाशी बसून असं विचारलं नाही हो एकीनेही, आई, तुला काय हवंय."

बेसनाने एदूलच्या खांद्यावर हात ठेवला. एदूलने खेचर दिलं, खोगिराखाली जास्तीची गोधडी दिली, आणि जनावराला डाव्या बाजूने हाकलंत तर लाथ मारेल हेही बजावलं.

निघाल्या. खाली ओढ्याकाठी अक्रोडाला पालवी फुटली होती. वर बलुतांची, डोंगरी ओकची, झुडपं, मग झुडपंही संपली, आणि खडी. खेचराला शिलान धरून चालत होती आणि डबा बेसनाच्या मांडीवर. शिलानला दम लागला की बेसना म्हणे, उभी राहा जरा, खेचर दमलंय. पोर समजून चुकली की खेचराला काही झालेलं नाही. तिने वाटेत रेवास नावाच्या रानभाजीचे कोवळे आंबट देठ तोडून दिले, सासूने दात नसलेल्या बाजूने ते चघळले. वारा गार होता, आणि छाती, देवाची कृपा, साथ देत होती. बेसनाला मधेच भीती वाटली की आपण परत उतरू शकणार नाही, पण ती तिने बोलून दाखवली नाही.

शेवटचा चढ पायी. शिलानने तिला कमरेत हात घालून वर घेतलं, आणि मग खांदा समोर आला.

सोसन फुलल्या होत्या. दगडा-दगडांच्या मधून, जिथे मूठभर मातीसुद्धा नसावी तिथून, काळ्याभोर, ताठ, एका देठाला एकच फूल. पार वरच्या बर्फाच्या रेषेपर्यंत. बेसनाने इथे यायचं सोडलं त्याला किती वर्षं झाली होती. आईनंतर ती आलीच नव्हती. तिला ही जागा मरणाची वाटायची. आणि इथे तर बघावं तिकडे जिवंतपणाच. तिने एका फुलाशी वाकून पाहिलं. गळ्याच्या काळोखातून एक माशी, जंगली मधमाशी, झोपमोड झाल्यागत हळूहळू मागे सरकत बाहेर आली, पंख झटकले, उन्हात बसली. रात्री त्या आतच मुक्काम करतात, आत ऊब असते. शिलान पाहतच राहिली.

"इथून काढलीस?"

"तिथून. त्या दगडाजवळून."

खड्डा तसाच होता. उकरलेली खडी बाजूला, तिच्यावर बोटांच्या खुणा. दोघी खाली बसल्या. गड्ड्याचा मऊ भाग बेसनाने नखाने काढून टाकला, उरलेला उन्हाला धरून जरा वाळू दिला. मग शिलानने तो खड्ड्यात ठेवला, तोंड दक्षिणेला, आणि दोघींनी मिळून वरून खडी लोटली. पाणी घालायला शिलानचा हात बाटलीकडे गेला, बेसनाने तिच्या हातावर चापटी मारली.

बसून राहिल्या. शिलान विचारू की नको असं करत म्हणाली, "आई, ही इथेच ठेवायची? मग तुमच्या... म्हणजे नंतर... मी परत काढायला येईन ना. आता मला जागा माहीत आहे. चुकणार नाही."

"नको," बेसना म्हणाली. "एका बाईला एकदाच आणतात. माझी आणून झाली."

"मग मी तेव्हा काय करायचं?"

"रडायचं. एदूलपेक्षा मोठ्याने. ती फार मोठ्याने रडते, आधीपासून तयारी ठेव."

शिलान हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बेसनाने तिला जवळ ओढलं. तिला एक गोष्ट सांगायची होती आणि कशी सांगावी ते कळत नव्हतं. आमच्याकडे कोणी काही केलं की लगेच म्हणतात, तुझ्या हातांना सुख लाभो. भाकरी वाढली तरी म्हणतात, खिळा ठोकून दिला तरी म्हणतात, लहान पोराने पाण्याचा पेला आणून दिला तरी म्हणतात. फक्त सोसन आणणाऱ्या लेकीला कोणी म्हणत नाही. जिच्यासाठी आणली तिचाच तो हक्क, आणि ती तर मातीत. बेसना आईची सोसन लावून खाली उतरली तेव्हा गाव नुसतं बाजूला झालं होतं, खाली मान घालून. इतकं मोठं काम, आणि हात तसेच रिकामे घेऊन ती घरी आली होती.

तिने शिलानचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, खडीने पुन्हा खरचटलेले, मातीने माखलेले.

"लेकी," ती म्हणाली, "तुझ्या हातांना सुख लाभो."

सोसन आणल्याबद्दल हे ऐकलं की उत्तर काय द्यायचं असतं ते शिलानला माहीत नव्हतं. गावात तरी कोणाला माहीत होतं? आजवर कोणालाच ते द्यावं लागलं नव्हतं. तिने मान हलवली आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "हो, आई."